भरलेले तैलपात्र : गर्भवतीच्या मनाची जपणूक

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाची संहिता)



वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे झाडीपट्टीतले रेल्वेचे गाव. गोंदिया, नागभीड, बल्लारशा या लोहमार्गावरील हे स्थानक दीर्घकाळ गडचिरोली जिल्ह्याचे एकमेव रेल्वेस्थानक राहिले. धान, बांबू, तेंदूपत्ता यांच्या जोडीने या फलाटाने आणखी एक वाहतूक पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. सातवा महिना लागला, ओटी भरली, की पहिलटकरीण येथूनच माहेरी निघते. सोबत भाऊ असतो, एक पेटी असते, लाडवांचा डबा असतो, तपासणीच्या कागदांची पिशवी असते. सासूबाई फलाटावर चार सूचना पुन्हा सांगतात : जड उचलू नको, उन्हात फिरू नको, लोहाच्या गोळ्या चुकवू नको. सूचना सगळ्या योग्यच असतात. त्या सगळ्या शरीराविषयी असतात, एवढेच. त्या मुलीच्या मनात काय चालले आहे, हे विचारणारा प्रश्न त्या गर्दीत सहसा कोणी विचारत नाही. गाडी सुटते आणि तो न विचारलेला प्रश्न तिच्याबरोबर प्रवासाला निघतो.

गर्भावस्थेतील चिंता आणि नैराश्य हा आजच्या चिंतनाचा विषय आहे. मंगल प्रसंगी असा विषय कशाला, असे कोणाला वाटू शकेल. परंतु ज्या घरात पाळणा हलणार आहे त्या घराचे मंगल ज्या मनावर उभे असते, त्या मनाचा विचार करणे यात अमंगल काहीच नाही.

एक जुनी कथा, एक जुना उपदेश

ही चिंता आधुनिक काळाने निर्माण केली, शिकलेल्या मुलींचे हे नवे चोचले आहेत, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. श्वेतांबर परंपरेत पर्युषणात ज्याचे वाचन होते त्या कल्पसूत्रातील त्रिशलामातेची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. आपल्या हालचालीने मातेला त्रास होऊ नये, म्हणून गर्भस्थ वर्धमान निश्चल झाले. हेतू करुणेचा होता. पण मातेला मात्र आपला गर्भ हरपला असे वाटले आणि ती शोकाकुल झाली. पुत्र कोण होणार, हे चौदा स्वप्नांनी सुचविलेले होते, स्वप्नपाठकांनी फळ सांगितलेले होते, राजवैभव भोवती होते. तरीही पोटातली हालचाल थांबताच त्या मातेचा धीर सुटला.

या कथेतील एक तपशील विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्रिशला शोक करू लागली तेव्हा राजवाड्यातील वाद्ये थांबली, नृत्यगायन थांबले, सारे घर तिच्या दुःखात सामील झाले. ‘या दिवसांत असे होतच असते’ असे म्हणून कोणी तिला गप्प केले नाही. पुढे गर्भाने हालचाल केली, मातेचा जीव भांड्यात पडला, आणि मातापित्यांच्या हयातीत दीक्षा घ्यायची नाही असा संकल्प त्या गर्भस्थ जीवाने केला, असे कथा सांगते. गर्भवतीच्या मनाचा एवढा मान या कथेने राखला आहे.

आयुर्वेदाची साक्षही अशीच आहे. चरकसंहितेत गर्भ टिकविणाऱ्या गोष्टींमध्ये मनाच्या प्रसन्नतेला श्रेष्ठ मानले आहे. त्याच ग्रंथाच्या शारीरस्थानात गर्भवतीला काठोकाठ भरलेल्या तेलाच्या पात्राची उपमा दिली आहे. पात्र हिंदकळू न देता ते जसे सांभाळावे, तसे तिला सांभाळावे, असा त्याचा आशय आहे. ही उपमा आपल्याकडे वारंवार सांगितली जाते, पण तिचा रोख बहुधा उलटा धरला जातो. ‘तू आनंदी राहा, नाहीतर बाळावर परिणाम होईल’ असे गर्भवतीलाच बजावले जाते. वास्तविक पात्र स्वतःला सांभाळत नाही. ते ज्याच्या हाती आहे त्याने पाऊल जपून टाकायचे असते. हा उपदेश शुश्रूषा करणाऱ्यांना आहे, म्हणजे पती, सासू, नणंद, माता, वैद्य आणि शेजारी यांना आहे. जिचे मन आधीच काळवंडले आहे तिच्यावर आनंदी राहण्याची सक्ती केली, तर तिच्या दुःखात अपराधाची भर तेवढी पडते.

काळजी आणि आजार यांतील अंतर

गर्भावस्थेत काळजी वाटणे स्वाभाविक आहे. बाळ नीट असेल ना, कळा सोसतील ना, खर्च झेपेल ना, हे प्रश्न प्रत्येकीच्या मनात येतात. चार धीराचे शब्द ऐकले, तपासणीत बाळाचे ठोके ऐकू आले, की मन निवळते. आजाराचे तसे नसते. दिवसाचा बहुतेक वेळ आणि बहुतेक दिवस मन उदास राहते, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरत नाही, आणि ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकते, तेव्हा वैद्यकशास्त्र तिला नैराश्य म्हणते. जोडीला झोप उडणे वा अतिझोप, अन्नावरची वासना जाणे, लक्ष न लागणे, आपण वाईट आई होणार असे वाटणे, जगण्यात अर्थ नाही असे वाटणे, ही लक्षणे असतात. चिंतेच्या आजारात छातीत धडधडते, हातपाय गार पडतात, वाईट काही घडणार ही भीती पाठ सोडत नाही. बाळाची हालचाल पुन्हा पुन्हा मोजली तरी समाधान होत नाही. काही स्त्रियांना प्रसूतीचेच असे भय बसते, की त्या तारीख जवळ येईल तसतशा खचत जातात.

निदानात एक अडचण आहे. थकवा, झोपेची मोडतोड, मळमळ, भूक बदलणे हे निरोगी गर्भावस्थेतही असते. त्यामुळे मनाचा आजार शरीराच्या तक्रारींत लपून जातो. शिवाय आपल्याकडे स्त्री ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. ती म्हणते, ‘करमत नाही’, ‘जीव घाबरा होतो’, ‘डोके जड झाले आहे’, ‘अंगात त्राण नाही’. ही आपल्या बोलीतील मनाच्या दुखण्याची भाषा आहे. ती ऐकण्याची सवय घरच्यांना हवी, तशी दवाखान्यातही हवी.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून अनेक बाळंतिणींना उगाच रडू येते, मन हळवे होते. ही अवस्था बहुधा दोन आठवड्यांत आपोआप सरते. ती सरली नाही, वा प्रसूतीपूर्वीपासूनच चालू असेल, तर तो आजार समजावा. याहून वेगळी आणि गंभीर अवस्था म्हणजे प्रसूतीनंतरची मनोविकृती. हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, ती होते. झोप पूर्ण उडते, बोलणे असंबद्ध होते, नसलेले आवाज ऐकू येतात, बाळाविषयी विपरीत कल्पना मनात येतात. येथे अंगारा-धुपारा करण्यात एक रात्रही घालवू नये. रक्तस्राव झाला असता जी धावपळ केली असती, तीच येथे करावी.

किती स्त्रियांचा हा प्रश्न आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगभरातील सुमारे १० टक्के गर्भवती आणि १३ टक्के बाळंतिणी मानसिक आजाराला, प्रामुख्याने नैराश्याला, सामोऱ्या जातात. विकसनशील देशांत हे प्रमाण अनुक्रमे १५.६ आणि १९.८ टक्के आहे. भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार बाळंतिणींमधील नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के, म्हणजे पाचांत एकीहून थोडे अधिक ठरते.

आपल्या भाषेच्या शेजारी, गोव्यात, या विषयावर मोलाचे काम झाले आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गर्भवतींचा अभ्यास करून २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यग्रस्त आढळल्या. अधिक महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. या मातांपैकी ७८ टक्के मातांचे मन गर्भावस्थेतच आजारलेले होते. म्हणजे बाळंतपणानंतर दिसणाऱ्या दुःखाचे मूळ पुष्कळदा आधीच्या नऊ महिन्यांत असते आणि त्या काळात ते कोणी पाहिलेले नसते. कारणांमध्ये आर्थिक ओढाताण आणि पतीशी बिघडलेले संबंध ठळक होते. जन्मलेले बाळ मुलगा की मुलगी, याचाही संबंध दिसून आला. मुलीच्या जन्माचे दुःख आईच्या मनात उपजत नसते. भोवतालचे चेहरे पाहून ते तिच्या मनात उतरते. गर्भलिंगनिदानाला प्रतिबंध करणारा कायदा १९९४ मध्ये झाला. त्याने यंत्रावरील निदान गुन्हा ठरविले. पण ‘यंदा मुलगाच हवा’ हे उद्गार ओटीभरणाच्या पाटापाशी आजही ऐकू येतात, आणि त्यांना कोणताही कायदा लागू होत नाही.

हा प्रश्न केवळ आईपुरता राहत नाही. नैराश्यात तपासण्या चुकतात, आहार घटतो, गोळ्या तशाच राहतात. अकाली प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका वाढतो. गोव्यातीलच पुढील अभ्यासात नैराश्यग्रस्त मातांची बाळे सहाव्या महिन्यात कमी वजनाची असण्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. कुपोषणाशी झुंजणाऱ्या जिल्ह्यांनी या निष्कर्षाकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे.

जंगलाच्या कडेचे भय

झाडीपट्टीतील गर्भवतीच्या चिंतेला येथील भूगोलाचीही जोड आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, काठावरची अनेक गावे पाण्याने वेढली गेली. दिवस भरत आलेल्या स्त्रीला अशा वेळी ‘रस्ता बंद आहे’ या तीन शब्दांचा अर्थ काय वाटतो, याची कल्पना पुरुषांनी करून पाहावी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपत्ता गोळा करायला घरची माणसे पहाटे जंगलात शिरतात. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडसा वनक्षेत्रात वनविभागाने ‘सीटी-१’ या वाघाला जेरबंद केले. तोवर गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा या तीन जिल्ह्यांत मिळून १३ माणसांचा बळी गेला होता. त्या काळात सरपणाला वा गुरांमागे गेलेला नवरा परतेपर्यंत दारात उभ्या असलेल्या गर्भवतीची चिंता अवास्तव कशी म्हणावी? तिला ‘उगाच घाबरतेस’ असे सांगू नये. सोबत बसावे, हाच तिथला उपचार असतो.

दारूचेही तसेच आहे. पिणाऱ्या पतीची भीती, मारहाण, संपलेले पैसे ही स्त्रियांच्या नैराश्याची जुनी कारणे आहेत. लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, दीर्घ आंदोलनानंतर गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी झाली. घरातील दुःख चव्हाट्यावर मांडण्याचे धैर्य या जिल्ह्यातील स्त्रियांनी तेव्हा दाखविले. मनाच्या आजाराविषयी तेच धैर्य दाखविणे अजून बाकी आहे.

काही कारणे रक्तात असतात. रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, जीवनसत्त्व ब-१२ ची उणीव यांमुळेही थकवा, उदासी, विसराळूपणा येतो. शाकाहारी कुटुंबांत ब-१२ ची उणीव विशेष आढळते, म्हणून या तपासण्या आधी कराव्यात. सिकलसेलचा आजार या भागात आहे, त्याचीही तपासणी राहू देऊ नये. गर्भावस्थेत तपश्चर्या वा दीर्घ उपवासाची इच्छा झाल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

एक घर

आता एक घर डोळ्यांसमोर आणावे. हे घर कोणाचे एकाचे नाही. वडशात, आरमोरीत, ब्रह्मपुरीत, कुठेही ते असू शकेल. बाजारपेठेत दुकान, माणसे सज्जन, सुनेला कशाची उणीव नाही. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात तिचे बाळ पोटातच गेले. त्यानंतर घरात त्या बाळाचा उल्लेख झाला नाही. तिला वाईट वाटू नये, म्हणूनच सर्वांनी मौन धरले. बाळाचे कपडे आवरून ठेवले गेले, अहवालांची फाईल कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. घरात आनंद झाला. तिलाही आनंद व्हायला हवा होता.

सातवा महिना लागला तशी तिची झोप उडाली. रात्री दोन वाजता ती उठून बसते, पोटावर हात ठेवते, हालचाल मोजते. दहा मोजल्या की पुन्हा पहिल्यापासून मोजते. सकाळी सासूबाई विचारतात, ‘डोळे का ओढल्यासारखे दिसतात?’ ती म्हणते, ‘झोप लागत नाही.’ सासूबाई मायेने सांगतात, ‘या दिवसांत असेच असते ग.’ पतीने बाळासाठी खेळणे आणले. तिने ते पाहिलेही नाही. त्याला राग आला. नातेवाईक म्हणाले, ‘सगळे चांगले असताना ही अशी का?’ एके रात्री तिच्या मनात आले, याही बाळाचे काही झाले तर आपणही राहायचे नाही.

या घरात वाईट माणूस एकही नाही. आणि तरीही ती मुलगी त्या घरात एकटी आहे. आपल्या समाजातील बहुतेक गर्भवतींचे दुःख अशा सज्जन घरांतच घडते, म्हणून ते ओळखू येत नाही.

दुःख लपते कुठे?

वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले, की येथील नाट्यमंडळांच्या कार्यालयांत प्रयोगांच्या तारखा ठरतात आणि होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. रंगमंचावरील सोशिक नायिकेचे दुःख पाहून हजारो प्रेक्षक डोळे पुसतात. त्या मंडपात रडण्याची कोणाला लाज वाटत नाही. पहाटे नाटक सुटते, माणसे घरी येतात, आणि स्वतःच्या घरातील सून चुलीपुढे मूक बसलेली असते, तेव्हा तिला ‘तोंड पाडून बसू नको’ असे सांगतात. करुणा आपल्यात आहेच. ती मंडपातून घरापर्यंत आणायची आहे.

दुसरा अडसर भयाचा आहे. विदर्भात मनाच्या उपचारांचा विषय निघाला, की ‘नागपूरला न्यावे लागेल’ हे वाक्य दबक्या आवाजात उच्चारले जाते. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ पासूनचे. त्याच्या नावाची भीती पिढ्यांची आहे. परंतु नैराश्य आणि चिंता यांच्या बहुसंख्य रुग्णांना कुठेही दाखल व्हावे लागत नाही. १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा उद्देशच हे उपचार जिल्ह्यात उपलब्ध करून देण्याचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर या उपचारांना नागरिकाचा हक्क मानले आहे. दाखल होणाऱ्या मातेपासून तिचे तीन वर्षांखालील बाळ साधारणतः वेगळे करू नये, असेही त्या कायद्यात नमूद आहे.

उपाय आवाक्यात आहेत

मानसोपचारतज्ज्ञ थोडे आणि गावे पुष्कळ, हे खरे. पण या जिल्ह्यानेच एकदा अशा अडचणीवर मार्ग दाखविला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. डॉक्टर गावोगावी पोहोचू शकत नाहीत, म्हणून त्यांनी ३९ गावांत गावातीलच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्यास शिकविले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. ती पद्धत पुढे देशभरातील ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या कामाचा भाग झाली. अल्पशिक्षित स्त्री बाळाचा श्वास आणि ताप ओळखू शकते, तर आईच्या मनाची घुसमटही ओळखू शकते.

याला पुरावा आहे. झारखंड आणि ओडिशातील आदिवासीबहुल गावांत स्त्रियांचे गट दरमहा एकत्र बसून बाळंतपणाच्या अडचणींवर स्वतःच उपाय शोधू लागले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथे नवजात मृत्यू तर घटलेच, शिवाय तिसऱ्या वर्षी मातांमधील मध्यम स्वरूपाचे नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी आढळले. त्या गटांत नैराश्यावर प्रवचने झाली नव्हती. बायका एकत्र बसल्या, बोलल्या, एकमेकींच्या उपयोगी पडल्या. गोव्यात सामान्य स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘सखी’ म्हणून नैराश्यग्रस्त गर्भवतींच्या भेटीला पाठविण्यात आले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगातही काही लाभ दिसून आला. आपल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत, गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या साहाय्याने ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबविला गेला. नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण तेथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. माणसे उपचार नाकारतात, हा समज यावरून खोटा ठरतो. दार दाखविणारे कोणी भेटले, तर माणसे आत येतात.

घराने काय करावे? पहिली गोष्ट, विचारावे. गेल्या महिनाभरात मन वारंवार उदास वा निराश वाटले का, आणि कशातच रस वा आनंद वाटेनासा झाला का, हे दोन प्रश्न कोणीही विचारू शकेल. एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर पुढील तपासणी करून घ्यावी. दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची तपासणी होते. वजन आणि रक्तदाब यांच्याबरोबर मनाची गोष्टही तेथे मोकळेपणाने सांगावी. माहेरी जाताना माता-बाल संरक्षण कार्डासोबत चालू औषधांचे कागदही द्यावेत. सासरच्या डॉक्टरांनी सुरू केलेला उपचार माहेरच्या गावात अर्धवट सुटतो, हे नेहमी घडते.

दुसरी गोष्ट, ऐकावे. मध्येच उपदेश करू नये, दुसऱ्या कोणाच्या धीराची उदाहरणे देऊ नयेत. पूर्वी गेलेल्या बाळाविषयी ती बोलू लागली तर विषय बदलू नये.

तिसरी गोष्ट, भार हलका करावा. रात्रीची सलग झोप हे गर्भवतीच्या मनाचे मोठे औषध आहे. रोज थोडे चालणे, वेळेवर आहार, विश्वासाच्या माणसाची सोबत यांनी सौम्य आजारात चांगला फरक पडतो. ही केवळ बायकांची बाब समजू नये. तपासणीला पतीने बरोबर जावे आणि बाहेर मोटारसायकलपाशी थांबू नये, आत यावे.

चौथी गोष्ट उपचारांची. समुपदेशनाने अनेकींना पूर्ण आराम पडतो. आजार तीव्र असेल तर औषध लागते. गर्भावस्थेत मनाची सर्वच औषधे घातक असतात, ही समजूत चुकीची आहे. सर्ट्रालिनसारखी काही औषधे गर्भावस्थेत आणि स्तनपानाच्या काळातही डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरली जातात. व्हॅल्प्रोएटसारखी काही मात्र गर्भाला अपाय करू शकतात. म्हणून आधीपासून औषध चालू असलेल्या स्त्रीने गर्भधारणेचा विचार करतानाच डॉक्टरांना भेटावे. दिवस राहिल्याचे कळताच औषध स्वतःहून एकाएकी बंद करणे सर्वांत धोक्याचे. न घेतलेल्या औषधालाही परिणाम असतात, हे विसरू नये.

पाचवी गोष्ट, मृत्यूचा विचार तिच्या मनात येतो का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने ती कल्पना मनात शिरते, हा भ्रम आहे. उलट बोलता आल्याने सुटका वाटते. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटे ठेवू नये, घरातील कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. कोणत्याही वेळी, निःशुल्क, मराठीतूनही तेथे बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक घरात दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

समारोप

पुन्हा त्या घराकडे वळावे. समजा, एका रात्री सासूबाईंना जाग आली आणि सून अंधारात बसलेली दिसली. दिवा न लावता त्या तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘पहिल्या बाळाची आठवण येते का?’ दोन वर्षांत त्या घरात उच्चारला गेलेला तो पहिला शब्द. सून रडली. सासूबाईंनी तिला थांबविले नाही. सकाळी त्यांनी मुलाला दुकान उशिरा उघडायला सांगितले आणि तिघे दवाखान्यात गेले. पुढे समुपदेशन झाले, काही दिवस औषध झाले, थायरॉइडची कमतरता सापडली, तिच्यावरही उपचार झाले. भीती एका दिवसात गेली नाही. पण ती आता एकटीची राहिली नाही.

यात चमत्कार काही नाही. त्रिशलामातेच्या शोकाने राजवाड्यातील वाद्ये थांबली होती; येथे दुकानाचे दार तासभर उशिरा उघडले, एवढेच. गर्भवतीचे दुःख घराने आपले कामकाज थांबवून ऐकावे, इतक्या योग्यतेचे असते, हेच दोन्ही प्रसंग सांगतात.

या गावात पुढील ओटीभरण जेव्हा होईल, तेव्हा हिरवा चुडा भरावा, फुलांच्या वेण्या गुंफाव्यात, डोहाळे विचारावेत. मग गर्दी ओसरल्यावर, एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीने त्या मुलीजवळ बसून हळूच विचारावे, ‘बाई ग, मन कसे आहे?’ आणि उत्तर येईपर्यंत उठू नये.